सत्तर टक्के ओलावा

साहेबराव तौर यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीची धास्ती घेतली होती, ती म्हणजे ओलावा. नव्या जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या गोदामात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. ट्रक आला की पोत्यात परखीची पोकळ सळई खुपसायची, निघालेले दाणे यंत्रात टाकायचे आणि आकडा नऊच्या वर गेला की ट्रक परत. ड्रायव्हर हात जोडायचे, शेठ लोक फोन करायचे. साहेबराव एवढंच म्हणायचे, "दहा म्हंजे बुरशी." रिटायर झाले त्या दिवशी कंपनीनं त्यांना शाल आणि नारळ दिला. साहेबरावांनी घरी आल्यावर आधी नारळ पुसून कोरडा केला.

अशा माणसाच्या हातात त्यांच्या जावयानं वीस सिगार ठेवल्या आणि सांगितलं, "मामा, यांना सत्तर टक्के ओलावा लागतो."

साहेबराव मटकन खुर्चीत बसले. सत्तर हा आकडा त्यांनी सडक्या टोमॅटोशिवाय कशाला लावलेला ऐकला नव्हता. जावयानं, म्हणजे हरिओमनं, समजावलं की हा हवेतला ओलावा, मालातला नव्हे. साहेबरावांना ते कळत होतंच. पण कळल्यानं भीती कमी होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी गोदाम सांभाळलेलं नसतं.

भानगड अशी होती. हरिओम कंपनीच्या कामानं दुबईला जाऊन आला होता. त्याचे मोठे साहेब मेअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांना सिगारचा शौक होता. म्हणून त्यानं या वीस सिगार आणल्या. पण पुण्यातल्या घरी त्याची आई होती, गळ्यात तुळशीची माळ असलेली. तिला तंबाखूचा वास आला असता तर साहेबांआधी हरिओमच घरातून निवृत्त झाला असता. सिगार उघड्यावर ठेवल्या तर वाळून तडकतात, आणि त्यांच्यासाठी आतून ओल धरणारी, बाहेरून हवाबंद अशी लाकडी पेटी लागते. "ओलाव्यातलं तुमच्याएवढं कुणाला कळतं, मामा?" असं म्हणून त्यानं सिगारची प्लास्टिकची पिशवी आणि ओलावा दाखवणारं एक छोटं घड्याळ मामांच्या हवाली केलं आणि तो गेला. पंचवीस दिवसांनी न्यायला येणार होता. जावयानं कौतुक केल्यावर नाही म्हणता येत नाही. आपल्याकडे ती सोयच ठेवलेली नाही.

साहेबरावांची दुसरी भीती भिंतीवर होती. फोटोत. बेबीनंदाला जाऊन चौदा महिने झाले होते. लेक शीतलच्या जन्माच्या वेळी, बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभं करून तिनं नवऱ्याकडून शपथ घेतली होती की या घरात पुन्हा तंबाखूची काडी येणार नाही. साहेबरावांनी खिशातल्या विड्या तिथंच नालीत टाकल्या आणि शब्द पाळला. मोह होत नव्हता असं नाही. गंमत म्हणजे तो बायको जवळून गेली की व्हायचा. ती चहा ठेवून वळली की यांना एकदम विडीची तलफ यायची. संसारी माणसाला बायको दिसल्यावर विडी आठवावी, हा आपल्या मनाचा हलकेपणा आहे असं समजून ते सव्वीस वर्षं मनातल्या मनात लाजत आले होते.

आता सिगारची पिशवी घेऊन फोटोसमोरून जाताना त्यांनी ती सदऱ्याखाली धरली. आतल्या खोलीत जाऊन पिशवीचं तोंड जरासं उघडलं, वास घेतला आणि का कोण जाणे, वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. कोण असणार? त्यांनी पिशवी घाईनं बंद केली.

घरात लाकडाची हवाबंद पेटी नव्हती का? होती. बेबीनंदाची सागवानी संदूक होती, वाटूरहून, तिच्या माहेराहून आलेली. हातभर लांब, झाकण असं घट्ट की उघडताना सुस्कारा सोडायची. पण ती चौदा महिन्यांत उघडली नव्हती. शीतलनं आईच्या साड्या वाटल्या, भांडी लावली, औषधं फेकली, पण संदुकीला हात लावताच पप्पा असे काही बघायला लागले की तिनं हात काढून घेतला. बेबीनंदाच्या पदराला एक वास होता, भाजका, उबदार, किंचित झोंबणारा. तव्याचा असेल असं त्यांना वाटायचं. घरातून तो वास तेराव्याच्या आतच गेला. राहिला असेल तर त्या संदुकीत, एवढीच त्यांची आशा होती. उघडली की तो उडून जाईल ही एक भीती. आणि तिच्या खाली दुसरी, जी ते स्वतःशीही बोलत नसत: उघडली आणि आत वास नसलाच तर?

तेव्हा संदूक सोडून नवी पेटी करायची ठरली. मागच्या गल्लीतले अलीम मिस्त्री सुतारकाम करत. त्यांची बायको रहिमाबी आणि बेबीनंदा यांचं मेतकूट तीस वर्षांचं. बेबीनंदा रोज दुपारी "लोणचं बघून येते" म्हणून त्यांच्या मागच्या अंगणात जायची. बारा महिने लोणच्यात बघण्यासारखं काय असतं हे साहेबरावांनी कधी विचारलं नाही. दुपारी ते गोदामात असायचे.

अलीम मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. अशा पेटीला देवदार लागतो म्हटल्यावर ते म्हणाले की जालन्यात सागवान मागा, लिंब मागा, बाभळ तर नका मागू तरी मिळंल. शेवटी परदेशी मशीनच्या खोक्याचं पांढरं लाकूड ठरलं. पेटी झाली, पण हवाबंद होईना. पारख अशी की झाकणात कागदाची नोट अडकवून पेटी बंद करायची आणि नोट ओढायची. सहज सरकली तर पेटी गळकी. पहिल्या दिवशी नोट लोण्यातून यावी तशी आली. मिस्त्रींनी रंधा मारला, पट्टी लावली, पुन्हा रंधा मारला. चौथ्या दिवशी नोट निम्मी बाहेर आली, निम्मी आतच राहिली. साहेबरावांना आनंद झाला. मिस्त्री मात्र पेटीकडे बघून म्हणाले, "अशी फिटिंग जिंदगीत एकदाच केल्ती मी. पण तिची सर न्हाई."

"कुणाची?"

"हाय एकाची. न्हाई सांगत." आणि ते कान खाजवत आत गेले.

आता पेटीच्या लाकडाला आधी पाणी पाजायचं होतं, नाहीतर तेच सिगारींचं पाणी पिणार. पाणीही साधं चालत नव्हतं, शुद्ध केलेलं लागत होतं. ते स्टेशनजवळ बॅटरीच्या दुकानात मिळालं. कॅन घेऊन येताना शेजारचे राधेश्यामजी भेटले.

राधेश्यामजी एका आडत दुकानात आयुष्यभर मुनीम होते, आणि कायद्याचं असं एक कलम नव्हतं जे त्यांना अर्धवट माहीत नव्हतं. बॅटरीचं पाणी कशाला, असं त्यांनी विचारलं. साहेबरावांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते पाऊण खरं बोलले. राधेश्यामजींनी आवाज खाली आणून सांगितलं की परदेशी तंबाखू घरी ठेवायला परवाना लागतो, शाळा शंभर यार्डांत असेल तर बिलकुल ठेवता येत नाही, आणि चौकात बालवाडी आहे. वाटूरकडच्या एकाला अशाच भानगडीत साडेतीन वर्षं तारखा पडल्या. एकाला म्हणजे कुणाला, तर ते त्यांना आठवत नव्हतं. पण तारखा पक्क्या आठवत होत्या.

साहेबरावांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, अर्ज लिहून ते एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या क्लार्कनं अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं की सिगार म्हणजे दारू का तंबाखू. तंबाखू म्हटल्यावर तो म्हणाला, मंग आमचं न्हाई. दुसऱ्या कार्यालयात मॅडमनं विचारलं, विकता का? नाही. ओढता का? नाही. मग ठेवता कशाला? मॅडमनं अर्जावर 'अर्जदार विकत नाही, ओढत नाही, तरी ठेवतो' असा शेरा मारला आणि आवक शिक्का उठवून प्रत परत दिली. साहेबरावांनी ती प्रत घडी करून देवघरात ठेवली. आपल्यावर शिक्का बसला, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं.

इकडे पेटीत ओल्या फडक्यानं लाकूड पुसून, वाटीत पाणी ठेवून झाकण लावलं होतं. घड्याळ आधी मिठाच्या ओल्या चिखलाशेजारी डब्यात ठेवून तपासून घेतलं. मिठाच्या चिखलाशेजारी हवा नेमकी पंच्याहत्तर टक्के ओली राहते, म्हणून पंच्याहत्तर दाखवायला पाहिजे होतं, त्र्याहत्तर दाखवलं. दोनचा फरक साहेबरावांनी पेटीच्या बुडाला खडूनं लिहून ठेवला. मग सुरू झालं बघणं. बाहेर मे महिन्याची हवा, चौदा-पंधरा टक्के, ओठ फुटायची वेळ. कूलर लावला की खोलीतला ओलावा उडी मारायचा, बंद केला की पडायचा. साहेबराव तासातासाला पेटीतले आकडे वहीत लिहीत होते. साठ, त्रेसष्ट, सहासष्ट. आकडा चढेल तसा त्यांचा जीव खाली जात होता. एकतीस वर्षं जो आकडा पाडण्यात घालवली, तोच आता स्वतःच्या हातानं चढवायचा. सदुसष्टला त्यांना दरदरून घाम आला.

ओल म्हणजे बुरशी. ओल म्हणजे भुंगेरे. तंबाखूत पडणारा तपकिरी भुंगेरा त्यांना चांगला माहीत होता. गोदामातल्या पोत्यांतही तोच पडायचा. जावयाच्या साहेबांनी सिगार तोंडात धरावी आणि तिच्यातून भुंगेरा बाहेर यावा, हे चित्र त्यांना दिवसाढवळ्या दिसायला लागलं. दहाव्या दिवशी त्यांनी पेटी उघडली, आणि पुढचं सगळं त्यांच्या हातांनी केलं. कपाटातून बियाण्याला चोळायच्या गुलाबी पावडरची अर्धी पुडी काढली, फडक्यावर घेतली आणि पेटीच्या आतल्या लाकडाला कोपऱ्या-कोपऱ्यातून चोळली. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांना शांत वाटत होतं. बियाण्याला पावडर चोळताना त्यांना नेहमीच असं वाटायचं.

मग त्यांनी साबणानं तीनदा हात धुतले आणि तीनदा का धुतले याचा विचार करताना पुडी उलटी करून बघितली. कवटी होती. तिच्याखाली जे लिहिलं होतं ते ते दर हंगामात मजुरांना मोठ्यानं वाचून दाखवत: विष आहे, खाण्यासाठी नाही, तोंडाजवळ नेऊ नये.

सिगार अजून पिशवीतच होत्या, हे नशीब. पण पेटी गेली. आता ती कुणी चुकून धान्याला वापरू नये म्हणून साहेबरावांनी तिच्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलं, खाली 'साहेबराव तौर' असं नावही घातलं, कारण वस्तूवर मालकाचं नाव टाकायची त्यांना गोदामापासून सवय होती, आणि ती मागच्या दारात नेऊन ठेवली.

राधेश्यामजींनी ती दुसऱ्या दिवशी भिंतीवरून वाचली.

त्यांनी हिशोब मांडला. चौदा महिन्यांपूर्वी बायको वारलेली. माणूस जेवत नाही. सुताराकडून लाकडी पेटी करून घेतो. बॅटरीचं पाणी आणतो. इस्त्रीचा सदरा घालून सरकारी कार्यालयात जाऊन कसल्या तरी कागदावर शिक्का आणतो. आणि आता विष, नावासकट. राधेश्यामजी भित्रे होते, बोलभांड होते, पण वाईट नव्हते. त्यांनी तडक पुण्याला शीतलला फोन लावला.

पुढच्या तासाभरात साहेबरावांकडे जेवढे लोक आले तेवढे रिटायरमेंटच्या सत्कारालाही आले नव्हते. एकानं सहज म्हणून येऊन भाजीची सुरी आत नेऊन ठेवली. एकानं पंख्याकडे बघून तो जुना झालाय, उतरवून दुरुस्तीला टाकू म्हटलं. राधेश्यामजी त्यांचा हात हातात घेऊन बसले आणि आयुष्य कसं सुंदर आहे हे सांगताना स्वतःच रडकुंडीला आले. साहेबरावांना काहीच उमगेना. सिगारचं बाहेर फुटलं आणि आता अटकेआधी लोक भेटून जाताहेत, असा अर्थ त्यांनी लावला.

तेवढ्यात शीतलचा फोन आला. तिचा आवाज काचेच्या भांड्यासारखा जपून येत होता. "पप्पा, कुठं जाऊ नका. काही खाऊ नका, काही पिऊ नका. आम्ही निघालोय. संध्याकाळी सातपर्यंत येतो."

"हरिओमराव बी येऊन राह्यले?"

"हो पप्पा. त्यांनीच गाडी काढली."

जावई पंचवीस दिवस म्हणाला होता, अकराव्या दिवशीच येतोय. जावयाला कुणीतरी कळवलं. साहेबरावांनी लोकांना हात जोडून वाटेला लावलं, पिशवी काढली आणि एक सिगार बोटांत धरून दाबली. तिच्या पानावर केसाएवढी चीर गेली होती. चार तासांत पेटी कुठून आणायची?

चार वाजता रहिमाबी आल्या. साहेबरावांवर लक्ष ठेवायला गल्लीनं त्यांची पाळी लावली होती. त्यांनी साहेबरावांकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मागच्या दारातल्या पेटीकडे बघितलं आणि सगळं विचारून घेतलं. ऐकून झाल्यावर पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ हसत राहिल्या. मग एकदम थांबल्या.

"भाऊ, बेबीची संदूक हाय की."

"ती न्हाई उघडायची."

"कामून?"

साहेबरावांनी कूलरकडे बघितलं. कूलर घरघरत होता. "वास उडून जाईन, भाभी," ते म्हणाले. "न्हाईतर आत नसंलच."

रहिमाबींनी उठून कूलर बंद केला, खिडकी लावून घेतली, दार लोटलं. संदूक पलंगाखालून ओढून साहेबरावांसमोर ठेवली आणि म्हणाल्या, "वारं बंद केलंय. आता बघा. मी हाय इथं."

साहेबरावांनी झाकणावर हात ठेवला. गोदामात ट्रकसमोर उभा राहिलेला माणूस हा. तरी दोनदा हात मागे घेतला. तिसऱ्यांदा झाकण उचललं. संदुकीनं सुस्कारा सोडला.

वास आला. भाजका, उबदार, झोंबणारा, चौदा महिन्यांत तसूभर कमी न झालेला. ती मागून येऊन उभी राहिली असावी तसा. आणि त्याच क्षणी, नेहमीसारखी, साहेबरावांना विडीची तलफ आली.

त्यांनी हळूच आतली इरकल साडी बाजूला केली. खाली शीतलचं झबलं होतं. त्याखाली तोंडाला लावायच्या पावडरचा एक चपटा पत्र्याचा डबा. डबा उघडला. आत काळी, बारीक पूड होती.

"मिसरी," रहिमाबी जमिनीकडे बघत म्हणाल्या. "तंबाखू भाजून कुटलेली. दाताला लावायची. लग्नाआधीपास्नं होती तिला. तुमच्याकून शपथ घेतली अन् सोता सुटंना. लई रडायची पयले पयले. मंग माझ्या अंगणात येऊन लावायची, दुपारची."

"लोणचं," साहेबराव म्हणाले.

"हाव. लोणचं."

साहेबरावांनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. आतून मेणात बुडवलेली कापडाची पट्टी बसवली होती, चौफेर, एका धाग्याचीही फट नव्हती. जिंदगीत एकदाच केलेली फिटिंग. 'वास बाहेर येऊ देऊ नको, भाऊ,' अशी गळ तिनं अलीम मिस्त्रींना घातल्याचं रहिमाबींनी सांगितलं, आणि बावीस वर्षं मिस्त्रींच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. सबंध जालन्यात ओल आत आणि वास आत ठेवणारी एकच पेटी होती, ती साहेबरावांच्या पलंगाखाली होती आणि ती त्यांच्याच भीतीनं तयार झाली होती. सव्वीस वर्षं या घरात ते तिला भीत होते आणि ती त्यांना भीत होती.

ते हसले की रडले हे रहिमाबींनी पुढं कुणाला सांगितलं नाही.

मग त्यांनी कामाला हात घातला. इरकल आणि झबलं कपाटात गेलं. वाटीत ओला बोळा, शेजारी घड्याळ, वर फडक्यात गुंडाळलेल्या वीस सिगार. चपटा डबा त्यांनी उचलला, आणि परत जागेवर ठेवला. सिगारींनीच जरा सरकून घ्यावं. झाकण लावलं. नोट अडकवून ओढायची गरज त्यांना वाटली नाही.

"डब्यात चिमूटभरच राह्यलीय," ते म्हणाले. "ती संपल्यावर?"

"तंबाखूचं पान हाय माझ्याकडं तिचं. डालड्याच्या डब्यात. टाकून द्यावं वाटंना."

"कसं भाजत्यात?"

सातला शीतल आणि हरिओम गाडीतून उतरले तेव्हा निम्मी गल्ली राधेश्यामजींच्या ओट्यावर उभी होती आणि साहेबरावांच्या मागच्या अंगणातून दाट धूर येत होता. शीतल चपला टाकून धावली. विटांच्या चुलीवर तवा होता, तव्यावर काळी होत आलेली पानं, आणि पप्पा उलथणं घेऊन बसले होते. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं. खोकत खोकत ते रहिमाबींना विचारत होते की आता कुटायची का अजून काळी करायची.

शीतल त्यांच्या गळ्यात पडली. हरिओमनं 'विष' लिहिलेली पेटी बघितली, मग सासऱ्यांना बघितलं आणि मटकन विटेवर बसला. राधेश्यामजींनी भिंतीवरून विचारलं की जिवंत आहेत ना. साहेबरावांनी उलथणं वर करून दाखवलं.

चहा झाल्यावर संदूक उघडली. सहासष्ट, म्हणजे दोन धरून अडुसष्ट. चिरलेली सिगार मऊ व्हायला लागली होती. हरिओमनं एक नाकाशी नेली आणि डोळे मिटले. याला काहीतरी वेगळाच भाजका वास लागलाय, तो म्हणाला, साहेब खूश होतील. पेटी तर अशी दुबईत बघितली नाही. मामा, पेटीसकटच देऊ या ना त्यांना?

"सिगार न्या," साहेबराव म्हणाले. "संदूक न्हाई."

ते उठले आणि कूलर लावायला म्हणून फोटोसमोरून गेले. या वेळी त्यांनी सदऱ्याखाली काही लपवलं नव्हतं. हाताला मिसरीचा काळा रंग लागलेला होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान वर करून बायकोकडे नीट बघितलं, आणि त्यांना वाटलं की आज नजर तीच चुकवते आहे.

"राहू दे, शीतलची आई," ते हळूच म्हणाले. "मी कुणाला न्हाई सांगत."